काकांची विहीर खारावली त्याची गोष्ट (सगळ्या आकड्यांसकट)

आधी डाळीने सांगितलं होतं, आमच्या लक्षात आलं नाही. मार्चच्या शेवटी काकी म्हणायला लागली की तुरीची डाळ तीन शिट्ट्या जास्त घेते, आणि आम्ही सगळ्यांनी डाळीलाच दोष दिला, दुकानदाराने जुना माल दिला असणार म्हणून. मग साबणाला फेस येईना. आणि ३ मे २०२३ ला सकाळी काकांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला, "चाय अशी कित्याक लागता गो? मीठ पडला की काय?"

मीठ पडलं नव्हतं. मी टाकीच्या नळाचं नुसतं पाणी पिऊन बघितलं तर मचूळ. खारं म्हणावं इतकं नाही, पण गोडं तर नक्कीच नाही.

हे घर मालवण तालुक्यातलं, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण शेजाऱ्यांचाही यात भाग आहे आणि ते आता आमच्यासोबत आहेत. जागा कशी आहे ते मात्र सांगायला हवं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये जेमतेम चारशे मीटर रुंदीची वाळूची पट्टी, त्यावर माड, थोड्या पोफळी आणि घरं. देवबाग ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच कळेल. विहीर समुद्रापासून साधारण दीडशे मीटरवर, चिऱ्यांनी बांधलेली, तेरा फूट खोल. आजोबांनी खणली. काकांचं म्हणणं एकच, "बापाशीच्या वक्तापासून ह्येचा पाणी कधी खारा झाला नाय." आणि ते खरं आहे, मी लहानपणापासून तेच पाणी पीत आलेय.

मी केमिस्ट्री शिकवते, कुडाळला. त्यामुळे घरात सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. हा सगळा हिशोब मी लिहून काढतेय कारण किनाऱ्यावर दर उन्हाळ्यात कोणाची ना कोणाची विहीर खारावते आणि लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे विहीर अजून खोल नेतात. आम्ही तेच केलं होतं.

सुरुवात कुठून करायची हा प्रश्न होता कारण आधीचे आकडे कोणी ठेवलेले नव्हते असं वाटत होतं. पण दादाने (चुलतभाऊ) स्वयंपाकघरात आरओ बसवलाय आणि त्याचा सर्व्हिसवाला दर वेळी मशीनमध्ये येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये) पेनासारख्या मीटरने मोजून कार्डवर लिहून जातो, ते कार्ड मशीनच्या मागे चिकटवलेलं सापडलं. ऑक्टोबर १७०, जानेवारी १९०, एप्रिलची २० तारीख ५६०. म्हणजे चहा खारट लागायच्या दोन आठवडे आधीच पाणी तिप्पट झालेलं होतं, आणि आरओचं पाणी पिणाऱ्या दादाला ते कळायचं काही कारण नव्हतं. काकी चहाला आरओचं पाणी वापरत नाही, "त्येका चव नाय" म्हणते, म्हणून तिच्या चहात ते उतरलं.

त्या दिवशी मी पेन बुडवलं तर १४८०.

आता इथे जरा थांबते, कारण या पेनाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. ते मीठ मोजत नाही. ते पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि त्याला एका ठरलेल्या आकड्याने गुणून मिलिग्रॅम दाखवतं, तो गुणक वेगवेगळ्या कंपन्यांचा वेगवेगळा, साधारण ०.५ ते ०.७ च्या मध्ये. म्हणून दोन पेनं एकाच ग्लासात वेगळे आकडे दाखवतात आणि लोक भांडतात. शिवाय पेन फक्त किती ते सांगतं, काय ते सांगत नाही. शोषखड्ड्याचं पाणी झिरपलं तरी टीडीएस वाढतो, खताने वाढतो, समुद्राने पण वाढतो. आणि आमच्याकडे संशयित तर तीन होते.

पहिला संशय शेजारच्या कॉटेजेसच्या शोषखड्ड्यावर, तो काकांचा आवडता. दुसरा वादळाचा, तो दादाचा. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा लाटा पार माडांत घुसल्या होत्या, त्याचं मीठ वाळूत राहिलं असेल. आणि तिसरा संशय माझा, की समुद्र खालून आलाय.

तौक्तेचं आधी काढून टाकते. वाळूवर वरून आलेलं खारं पाणी आमच्या पावसात टिकत नाही, इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. दोन पावसाळे धुऊन गेल्यावर, आणि ऑक्टोबर २०२२ ला पाणी १७० असताना, २०२१ चं मीठ २०२३ च्या एप्रिलमध्ये कुठून उगवणार. दादाला पटलं.

शोषखड्डा की समुद्र हे ठरवायला मात्र लॅब लागली. आणि इथे समुद्राची एक फार सुंदर गोष्ट उपयोगी पडते, जी मी वर्गात दर वर्षी शिकवते पण कधी स्वतःच्या घरासाठी वापरेन असं वाटलं नव्हतं. समुद्राचं पाणी जगात कुठलंही घ्या, त्यात मीठ कमीजास्त असेल, पण त्या मिठात कोण किती वाट्याला आहे ते प्रमाण जवळजवळ तेच राहतं. वजनाने बघाल तर क्लोराइड ५५ टक्के, सोडियम साधारण ३१, सल्फेट पावणेआठ, मॅग्नेशियम पावणेचार, कॅल्शियम आणि पोटॅशियम एकेक टक्क्याच्या थोडं वर. अलेक्झांडर मार्सेट या डॉक्टराने १८१९ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं. नंतर चॅलेंजर जहाज १८७२ ते १८७६ जगभर फिरून आलं आणि त्याने आणलेल्या नमुन्यांपैकी ७७ नमुने विल्यम डिटमार यांनी तपासून १८८४ मध्ये ते पक्कं केलं. याचा व्यवहारातला फायदा असा की एकच गोष्ट, क्लोराइड, नीट मोजा, बाकी सगळं गुणाकाराने काढता येतं. क्लोराइडच्या आकड्याला (नेमकं बोलायचं तर क्लोरिनिटीला) १.८०६५५ ने गुणलं की एकूण क्षारता. विजेवर चालणारी यंत्रं येईपर्यंत जगभरची समुद्रविज्ञानाची माणसं सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन (ब्युरेट नावाच्या खुणांच्या नळीतून ते थेंबथेंब घालत, रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजणं) करून हेच करत होती, आणि आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये बारावीची पोरं तेच करतात, फक्त पाणी नळाचं असतं.

प्रमाण तेच राहतं हे समुद्राचं झालं, बंदिस्त तळ्यांचं तसं नाही, हे पण सांगायला हवं कारण पोरं लगेच लोणार विचारतात. लोणारचं पाणी खारं आहेच पण त्यात सोड्याचा, कार्बोनेटचा भाग मोठा, पीएच १० च्या आसपास, हाताला बुळबुळीत लागतं. मृत समुद्रात पाण्याच्या एक तृतीयांश क्षार आहेत आणि त्यात सोडियमपेक्षा मॅग्नेशियम जास्त. प्रत्येक तळं आपापल्या खडकाचं आणि आपापल्या उन्हाचं पोर असतं. समुद्र मात्र सगळा एकत्र ढवळला जातो म्हणून त्याची सही एकच, आणि सही एकच असेल तर ती विहिरीत ओळखता येते.

तर ६ मे ला मी तीन बाटल्या भरल्या. विहिरीची एक (पंप दहा मिनिटं चालवून), खाडीची भरतीच्या वेळची एक, आणि समुद्राची एक, कमरेएवढ्या पाण्यात जाऊन. समुद्राच्या पाण्यात पेन बुडवून उपयोग नाही, त्याची मर्यादा संपते आणि नुसता एरर दाखवतं, दहापट पातळ करावं लागतं.

समुद्र निघाला किलोला ३५.६ ग्रॅम. जगाची सरासरी ३५ धरतात त्यामुळे अपेक्षित होतं. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त आणि मोठ्या नद्या कमी म्हणून तो बंगालच्या उपसागरापेक्षा खारा, तिकडे गंगा ब्रह्मपुत्रा महानदी गोदावरी सगळ्या जाऊन पडतात. आणि गंमत म्हणजे हिवाळ्यात तिकडचं ते पातळ पाणी केरळला वळसा घालून आपल्या किनाऱ्याने उत्तरेकडे सरकतं, त्यामुळे आपला समुद्र बारा महिने एकाच खारटपणाचा नसतो. खाडी निघाली ३३. हे बघून मी जरा गप्प झाले, कारण काका खाडीला "नदी" म्हणतात आणि पावसात ती नदीच असते, पण मेमध्ये तिच्यात वरून गोडं पाणी येतच नाही, ती समुद्राचा एक लांब हात होऊन बसते. म्हणजे आमची पट्टी दोन्हीकडून खाऱ्या पाण्यात.

काकांचा मात्र टायट्रेशनवर विश्वास बसेना. पिवळं पाणी लाल झालं यावरून समुद्रात किती मीठ ते कसं कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासाठी मी एक लिटर समुद्राचं पाणी फिल्टर पेपरने गाळून मंद आचेवर आटवलं. उरलं ते वजन केलं तर ४१ ग्रॅम. टायट्रेशनप्रमाणे लिटरला साधारण साडेछत्तीस यायला हवे होते, मग साडेचार ग्रॅम वरचे कुठून आले? काकांचा आनंद बघण्यासारखा होता. पण कारण साधं आहे. समुद्राच्या क्षारात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते पाणी सोडत नाही, कितीही आटवा, स्वतःत पाणी धरून बसतं, हवेतलंही ओढतं. जाडं मीठ पावसाळ्यात पाणी सोडतं ते याच्यामुळे. शिरोड्याच्या मिठागरावर काम केलेल्या काकांच्या मित्राने हे ऐकून लगेच मान हलवली, म्हणाले सगळं पाणी आटू द्यायचंच नसतं, शेवटचं कडू पाणी काढून टाकायचं, नाहीतर मीठ कडवट होतं आणि ओलं राहतं. (हे तेच शिरोडं, जिथे मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला.) पाणी आटत आटत दहाव्या हिश्श्याच्या जवळ आलं की खाण्याचं मीठ पडायला लागतं, त्याच्या आधी चुना आणि जिप्सम खाली बसतात, आणि मॅग्नेशियम सगळ्यात शेवटपर्यंत पाण्यात राहतं. मिठागरवाल्यांना हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे. त्या म्हाताऱ्या माणसाच्या एका वाक्याने काकांना जे पटलं ते माझ्या ब्युरेटने पटलं नसतं.

आता विहिरीचा रिपोर्ट. टीडीएस १५३०, क्लोराइड ७८०, सल्फेट १०८, नायट्रेट ६, सोडियम ३७५, मॅग्नेशियम ४७, कॅल्शियम ९६, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत बरा आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे, क्लोराइडला तेच २५० आणि १०००. म्हणजे कागदावर आमचं पाणी अजून "चालवून घ्या" मध्ये होतं. जिभेवर नव्हतं, क्लोराइड अडीचशेच्या वर गेलं की चव कळायला लागते.

नायट्रेट ६ बघितल्यावर शोषखड्डा सुटला. सांडपाणी मुरलं असतं तर नायट्रेट वर गेलं असतं, मर्यादा ४५ आहे आणि आम्ही कुठे जवळपासही नाही. काका नाराज झाले.

मग मिसळीचा हिशोब. समुद्राच्या एका लिटरमध्ये क्लोराइड ढोबळमानाने २०,००० मिलिग्रॅम. आमच्या विहिरीत चांगल्या दिवसांत ३५ (हे मी नंतर पावसाळ्यात मोजलं). ७८० व्हायला किती समुद्र मिसळायला हवा? वाढ ७४५, भागिले साधारण २०,०००, म्हणजे पावणेचार टक्के. छपरावरच्या १००० लिटरच्या टाकीत ३७ लिटर समुद्र, म्हणजे दोनेक बादल्या. इतकंच. माझ्यासाठी या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात धक्का देणारा आकडा हाच आहे. आपल्याला वाटतं विहीर खारावली म्हणजे समुद्र आत शिरला, पण समुद्र इतका खारा आहे की शंभर घागरींत चार घागरी मिसळल्या की पाणी पिण्यालायक राहत नाही, दोन मिसळल्या तरी चहाला कळतं.

आता पावणेचार टक्के समुद्र धरून बाकीचे आकडे जुळतात का? सल्फेट जुळतं, अगदी जवळ. मॅग्नेशियम थोडं कमी. सोडियम मात्र चारशे पंचवीसच्या आसपास हवं होतं, पन्नास कमी आलं, आणि कॅल्शियम चाळीसेक हवं होतं ते ९६ आलं, दुपटीपेक्षा जास्त. आधी मला वाटलं लॅबमध्ये चूक झाली, परत केलं, तेच. एक रात्र मी यावर काढली आणि मग आठवलं. वाळूतली माती, चिकण कण, यांच्या अंगावर वर्षानुवर्षं गोड्या पाण्यातलं कॅल्शियम चिकटून बसलेलं असतं. खारं पाणी नव्याने तिथे घुसलं की त्यातलं सोडियम त्या कणांवर जाऊन बसतं आणि कॅल्शियमला उठवतं. म्हणून सोडियम कमी, कॅल्शियम जास्त. म्हणजे हे पाणी नुसतं खारं नाही, ते खारं *होत* होतं, समुद्र सध्या पुढे सरकतोय याची ती खूण. गोडं पाणी परत यायला लागलं की उलटं होतं. आणि डाळ का शिजत नव्हती तेही कळलं, कॅल्शियम मॅग्नेशियम वाढलं की पाणी जड होतं, डाळ टणक राहते, साबणाला फेस येत नाही. काकीची डाळ आमच्या सगळ्यांच्या आधी बरोबर बोलत होती.

समुद्र आला हे ठरलं, पण यंदाच का? दीडशे मीटरवर समुद्र तर आजोबांच्या काळीही होताच.

याचं उत्तर वजनात आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड, १.०२५. त्यामुळे अशा वाळूच्या पट्टीत पावसाचं मुरलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, होडी तरंगते तसं, थोडी वर आणि बरीचशी पाण्याखाली. हिशोब असा पडतो की समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली चाळीस फूट गोडं पाणी असतं. डच इंजिनिअर बाडोन गायबेन आणि जर्मनीचा हर्झबर्ग यांनी १८८८ ते १९०१ च्या दरम्यान स्वतंत्रपणे हे काढलं, किनाऱ्यावरच्या विहिरींसाठीच. ऐकायला छान वाटतं, चाळीस पट! पण उलटा वाचा. वरून एक फूट उपसलंत तर खालून चाळीस फूट समुद्र वर येतो. लगेच नाही, सावकाश येतो, पण येतो.

आम्ही पातळी मोजली. गवंडी लोक वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब घेऊन दादा आणि एक गवंडी दिवसभर किनाऱ्यापासून विहिरीपर्यंत टप्प्याटप्प्याने आले, भरती आणि ओहोटीच्या खुणांचा मध्य धरून. विहिरीच्या काठची जमीन त्या मध्यापासून नऊ फूट वर. मेमध्ये विहिरीतलं पाणी त्या मध्याच्या फक्त चार इंच वर होतं. चार इंच गुणिले चाळीस, तेरा फूट. आणि जानेवारीत पाणी चिऱ्यांच्या कुठल्या थरापर्यंत होतं ते काकांनी बोट ठेवून दाखवलं, तो थर दीड फूट वर, म्हणजे खाली साठ फूट गोडं. चार महिन्यांत साठाचे तेरा. दर उन्हाळ्यात पातळी उतरतेच, पण काकांच्या मते इतकी कधीच नाही.

शेजारच्या प्लॉटवर डिसेंबरमध्ये कॉटेजेस सुरू झाली होती, आठ खोल्या आणि एक छोटा स्विमिंग पूल. त्यांनी बोअर मारली पंचेचाळीस फूट, तीन एचपीचा सबमर्सिबल. बोअरचा तळ मध्यापासून छत्तीस फूट खाली, म्हणजे जानेवारीत गोड्यात होता आणि मेमध्ये चक्क समुद्रात. त्यांची बोअर मार्चमध्येच खारी झाली होती, त्यांनी पिण्याला टँकर लावला आणि बोअर बाग आणि संडासांसाठी चालूच ठेवली. जिथून उपसता तिथे खालचं खारं पाणी शंकूसारखं वर येतं, आणि तो शंकू कुंपण बघत नाही.

पण सगळं त्यांच्यावर ढकलता येत नाही, आणि मी ढकलणार नाही. एप्रिलच्या शेवटी पाणी कमी पडतंय म्हणून आम्हीच विहीर चार फूट खोल नेली, सिमेंटच्या दोन रिंगा टाकल्या. तळ मध्यापासून चार फूट खाली होता तो आठ फूट झाला. खालची सीमा हिशोबाने तेरा फुटांवर, आणि ती काही रेघ नसते, मधे काही फुटांचा मिसळलेला पट्टा असतो, त्यात आम्ही फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाचं पाणी ओढणारं खालचं तोंड) नेऊन सोडला. वर दोन एचपीचा पंप माडांच्या आळ्यांना सलग तीन तास. २० एप्रिलला ५६०, खोदकाम २६ ला संपलं, ३ मे ला १४८०. यात मला कोणाला विचारायची गरज नाही. पोफळींच्या पानांची टोकं जळायला लागली होती, माड मात्र टुकटुकीत, माडाला थोडं खारं चालतं, पोफळीला नाही.

एक परीक्षा अजून केली जी कोणीही करू शकतं. बाटलीला दगड बांधायचा, बुचाला वेगळी दोरी, रिकामी बाटली बुच लावून तळाला सोडायची आणि तिथे गेल्यावर बुच ओढायचं. पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी वरचं पाणी ७४०, तळाचं १९००. एकाच विहिरीत, चार आणि चार आठ फुटांच्या पाण्यात. जड पाणी खाली बसलेलं, आणि आमचा फूटव्हॉल्व्ह नेमका तिथून ओढत होता.

मग करायचं काय ते जवळपास दिसलंच. रिंगांमधे वाळू आणि बारीक खडी भरून तळ परत पूर्वीइतका आणला. काकांना हे फार जड गेलं, पैसे देऊन खणलेलं बुजवायचं म्हणजे काय, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सक्शनचा पाइप प्लास्टिकच्या बंद कॅनला बांधून तरंगता केला, म्हणजे नेहमी वरच्या एका फुटातलंच पाणी येईल. दोन एचपी काढून अर्धा एचपी, वीस मिनिटं, दिवसातून तीनदा, मधे विहिरीला श्वास घ्यायला वेळ. माडांना ठिबक. आणि छपराचं पाणी, जे आम्ही वर्षानुवर्षं गटारातून सरळ समुद्रात सोडत होतो! छप्पर १४० चौरस मीटर, पाऊस तीन मीटर, म्हणजे सव्वाचार लाख लिटरच्या आसपास. त्यातलं पंधरा टक्के गेलं असं धरा तरी साडेतीन लाख लिटर गोडं पाणी. ते आता विहिरीपासून तीस फुटांवरच्या वाळूच्या खड्ड्यात मुरतं.

शेजाऱ्यांकडे मी रिपोर्ट, बाटल्या आणि लेव्हलचे आकडे घेऊन गेले. भांडण होईल असं घरात सगळ्यांना वाटत होतं. त्या मालकाने फक्त एकच विचारलं, बोअर अजून खोल मारली तर गोडं लागेल का? मी दोन बाटल्या त्यांच्या हातात दिल्या, वरची आणि तळाची, चाखून बघा म्हटलं. त्यांनी चाखली. त्यांची बोअर तेव्हापासून बंद आहे, पूल पावसाळ्यानंतर भरत नाहीत, छपराचं पाणी वीस हजार लिटरच्या टाकीत साठवतात आणि उन्हाळ्यात कमी पडतं ते टँकरने आणतात. त्यांचा खर्च वाढलाय, ते तसं बोलूनही दाखवतात, आणि त्यांचं चुकत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये विहिरीचा टीडीएस १८०, क्लोराइड ३५. सगळ्यांना वाटलं झालं, बरी झाली. मी तळाची बाटली काढली, तिथे ६२०. वरच्या पावसाच्या पाण्याखाली ते अजून बसलेलं होतं. (त्याच दिवशी खाडी बघितली, वर किलोला ४ ग्रॅम आणि तळाला १९, तिथेही तीच गोष्ट, नदी वरून वाहते आणि समुद्र खालून आत येतो.) मे २०२४ मध्ये वर ४१०, तळाला ११००. २०२५ ला १० मे ला वर ३३०, तळाला ८६०, आणि त्यानंतर पंधरवड्यात पाऊस मेमध्येच कोसळला त्यामुळे मे अखेरचा आकडा त्या वर्षी मिळालाच नाही. वरचं पाणी पिण्याचं झालंय. तळाचं दोन वर्षांत ८६० पर्यंतच आलंय. समुद्र वर यायला चार महिने लागले होते, खाली जायला किती वर्षं लागतील ते वहीत दिसत जाईल.

वही काकांकडे असते. दर अमावस्येला आणि पौर्णिमेला, उधाणाच्या भरतीनंतर, दोन्ही बाटल्या तेच काढतात आणि वरचं, तळाचं, पातळी, तिन्ही आकडे लिहितात. परवा फोनवर म्हणाले, "तळाचा आठशे वीस इला गो बाय," आणि मग काकीला फोन दिला.